‘सुटली का?’च्या पुढचा प्रश्न

दिवाळी अंकासाठी क्योतोहून लेख हवा म्हटलं, की आपल्या संपादक मंडळींना देवळं, मोमिजीची लाल पानं, फार तर चहाविधी अपेक्षित असतो. मी या वर्षी विषय सांगितला तेव्हा फोनवर जरा वेळ शांतताच होती. दारूच्या आणि अमली पदार्थांच्या व्यसनात सापडलेली माणसं कशी जगतात, हा काही चकली-चिवड्याबरोबर वाचायचा विषय नव्हे, हे मलाही कळतं. पण मंडळी, परदेशातल्या आपल्या घरांत हा विषय निघतोच. फक्त तो स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात, मुलं झोपल्यावर निघतो. आणि निघाला की प्रश्न एकच असतो, “सुटली का त्याची?”

प्रश्न आपुलकीचा आहे, यात शंका नाही. पण त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर देता येतं. सुटली असेल तर त्याला रात्री झोप लागते का, मुलं त्याच्याशी बोलतात का, कोणी काम देतं का, रविवारी दुपारी तो कुठे जातो, यातलं काहीच त्या प्रश्नात येत नाही. आणि सुटली नसेल, तर त्याचं आजचं जगणं कालच्यापेक्षा थोडं तरी बरं आहे का, हेही येत नाही. डॉक्टर लोक याला ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ म्हणतात, आपण साध्या मराठीत जगण्याचा दर्जा म्हणू. हा दुसरा प्रश्न विचारायला माणसांना फार उशीर लागला. तो उशीर जपानमध्ये कसा झाला, आणि इथे व आपल्या पुण्यात तो प्रश्न जवळजवळ एकाच वेळी कसा विचारला जाऊ लागला, ते मला इथे सांगायचं आहे.

क्योतोचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. शहराच्या पोटातून दक्षिणोत्तर जाणारी एक भुयारी रेल्वे आहे, कारासुमा लाइन. तिचं दक्षिण टोक फुशिमी भागात आहे आणि उत्तर टोक इवाकुरा भागात. आपली सुरुवात दक्षिणेकडून.

फुशिमी म्हणजे साकेचं गाव. जमिनीखालचं मऊ पाणी इथली खरी दौलत. गेक्केइकान हा प्रसिद्ध कारखाना १६३७ साली याच पाण्यावर सुरू झाला. कालव्याकाठची जुनी लाकडी गोदामं बघायला आपले पाहुणेही आवर्जून जातात, मीच किती जणांना नेलं असेल! जपानमध्ये साके देवापुढे ठेवतात, पारंपरिक लग्नात वधूवर एकाच पेल्यातून ती घेतात, आणि ऑफिसच्या पार्टीत धाकट्यानं थोरल्याचा पेला भरायचा हा शिष्टाचार. अशा समाजात झिंगून बोललेलं दुसऱ्या दिवशी मनावर घ्यायचं नाही, अशी पद्धत पडली. दारूच्या भरात लोकांना त्रास देणाऱ्यांना आवर घालणारा खास कायदा यायला १९६१ साल उजाडावं लागलं.

आपल्याकडे चित्र उलटं. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला, पिणाऱ्याला परमिट काढावं लागायचं, आणि ‘पितो’ म्हटलं की स्थळ मोडायचं. म्हणजे जपानमध्ये माफी आणि आपल्याकडे मनाई. गंमत अशी, की दोन्हीकडे पिणाऱ्या माणसाकडे कोणी बघतच नव्हतं. एकानं डोळेझाक केली, दुसऱ्यानं पाठ फिरवली.

अपवाद एका नाटककाराचा. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच, रंगभूमीवर आलं. आपण सगळ्यांनी ते दारूचे दुष्परिणाम दाखवणारं नाटक म्हणून वाचलंय. पण आता पुन्हा वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. सुधाकर मधे दारू सोडतो! सोडून कामाच्या शोधात बाहेर पडतो. पण त्याची अब्रू आधीच गेलेली असते, कोणी त्याला जवळ करत नाही, आणि अपमान घेऊन आलेला माणूस पुन्हा प्याल्याकडे वळतो. ‘सुटली का?’ या प्रश्नाचं उत्तर तेव्हा ‘हो’ होतं. तरीही तो बुडाला, कारण सोडल्यानंतर उभं राहायला त्याला जागाच नव्हती. गडकऱ्यांनी दाखवलेलं हे दुखणं डॉक्टरांच्या कागदावर यायला पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षं लागली.

योगायोग बघा, त्याच १९१९ साली ओगाता आकिरा या जपानी रसायनतज्ज्ञानं मेथअँफेटामिन स्फटिकरूपात तयार केलं. मूळ पदार्थ त्याच्या आधी, १८९३ मध्ये, नागाई नागायोशी यांनी एका औषधी वनस्पतीतून काढलेल्या एफेड्रिनपासून बनवला होता. १९४१ साली तो ‘हिरोपोन’ या नावानं बाजारात आला. ग्रीक शब्दावरून घेतलेलं हे नाव, अर्थ ‘कष्टांची आवड असलेला’. थकवा घालवणारं, झोप उडवणारं औषध म्हणून त्याची जाहिरात व्हायची. युद्धकाळात सैनिकांना आणि रात्रपाळीच्या कामगारांना ते दिलं गेलं. युद्ध हरल्यावर शिल्लक साठे बाजारात आले, आणि उपाशी, घरं जळालेल्या देशात रात्रभर जागून काम करणाऱ्यांना ती गोळी जेवणापेक्षा सहज मिळू लागली.

लेखकही त्यातून सुटले नाहीत. ओसाकाचा ओदा साकुनोसुके इथल्या तिसऱ्या उच्च विद्यालयात शिकायला होता (ते पुढे क्योतो विद्यापीठात विलीन झालं). शेवटच्या काळात तो हिरोपोनची इंजेक्शनं घेऊन वर्तमानपत्रांसाठी कादंबऱ्या लिहीत असे. जानेवारी १९४७ मध्ये क्षयानं गेला, वय ३३. त्याच्यावर बरंच लिहिलं गेलं. पण जे गोदीकामगार, विद्यार्थी, नाचगाण्याच्या हॉटेलांतल्या मुली त्याच सुईला लागल्या, त्यांची नावं कोण लिहिणार?

१९५१ साली उत्तेजक द्रव्यांच्या नियंत्रणाचा कायदा झाला. १९५४ या एका वर्षात ५५,६६४ जणांना अटक झाली. शिक्षा कडक केल्या, काहींना सक्तीनं मनोरुग्णालयात ठेवण्याची तरतूद केली, आणि तीन-चार वर्षांत अटकेचा वार्षिक आकडा हजाराच्या खाली आला. जगभरात याचा उल्लेख यशाची गोष्ट म्हणून होतो, आणि आकड्यापुरतं ते खरंच आहे. पण आकडा खाली आला म्हणजे ती हजारो माणसं कुठे गेली? कोणाला नोकरी मिळाली, कोणाला घरच्यांनी घरात घेतलं? पोलिसांचं रजिस्टर तो प्रश्न विचारत नाही, ते त्याचं कामही नव्हे. लोकांनी मात्र नाव ठेवून दिलं, ‘पोन-चू’. ‘चू’ म्हणजे ज्याला विष भिनलंय असा. दारूवाल्याला ‘आरू-चू’. आपल्याकडचे ‘बेवडा’ आणि ‘गर्दुल्ला’ याच जातीचे शब्द. एकदा असा शब्द चिकटला, की त्या माणसाचं बाकी सगळं पुसलं जातं. तो कोणाचा मुलगा, पेटी कशी वाजवायचा, गणितात किती हुशार होता, काही उरत नाही.

हे पहिल्यांदा बदललं ते ज्यांना हे शब्द चिकटले होते त्यांनीच. अमेरिकेत १९३५ साली एक शेअरबाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघंही दारूनं पोळलेले, एकत्र आले आणि ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे एए सुरू झालं. जपाननं ते घेतलं, पण आपल्या मापानं शिवून. १९५८ मध्ये शिकोकु बेटावरच्या कोची शहरात मात्सुमुरा हारुशिगे यांनी दारू सोडू पाहणाऱ्यांचं मंडळ काढलं. ते स्वतः दारूतून बाहेर पडलेले. अशा मंडळांना ‘दान्शुकाइ’ म्हणतात: ‘दान’ म्हणजे तोडणं, ‘शु’ म्हणजे दारू, ‘काइ’ म्हणजे मंडळ. १९६३ साली त्यांचा देशव्यापी संघ झाला. त्याच वर्षी तोक्योजवळच्या कुरिहामा इथल्या सरकारी रुग्णालयात दारूच्या आजारासाठी देशातला पहिला स्वतंत्र वॉर्ड उघडला.

एएमध्ये नाव सांगायचं नसतं, वर्गणी नसते, आणि घरच्यांची बैठक वेगळी. दान्शुकाइत माणूस आपल्या खऱ्या नावानं उभा राहतो, वर्गणी भरतो, आणि बायको शेजारी बसते. तीही बोलते. क्योतोतल्या मंडळाचं नाव मला फार आवडतं, ‘दान्शु हेइआन-काइ’. हेइआन हे या शहराचं बाराशे वर्षांपूर्वीचं नाव, आणि त्याचा अर्थ शांती-समाधान. म्हणजे मंडळाच्या नावात दारू तोडणं आहे आणि त्याला लागूनच समाधान आहे. पहिलं कशासाठी, ते दुसऱ्या शब्दानं सांगून टाकलंय.

काही वर्षांपूर्वी एका परिचित मराठी जोडप्याबरोबर मी दुभाषी म्हणून अशा एका बैठकीला गेले होते. तिथे काय ऐकलं ते बाहेर सांगायचं नसतं, म्हणून सांगत नाही. पण बैठकीची रीत सांगते. नागरी केंद्रातली साधी खोली, घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहा. एकेक जण उठतो, नाव सांगतो, आपला अनुभव सांगतो आणि बसतो. कोणी सल्ला देत नाही, कोणी ‘अरेरे’ म्हणत नाही, टाळ्याही नाहीत. बोललेलं तिथेच सोडायचं, ऐकलेलं तिथेच सोडायचं, असा नियम. आपल्यासारख्या सल्लाबहाद्दर समाजातून आलेल्या मला दोन तास गप्प बसणं जड गेलं, हे कबूल करते! परतीच्या ट्रेनमध्ये त्या बाई मला एवढंच म्हणाल्या, की आठ वर्षांत पहिल्यांदा त्या नवऱ्याचं बोलणं मधे न तोडता ऐकू शकल्या. त्या गृहस्थांची तेव्हा ‘सुटली’ नव्हती. पण त्या संध्याकाळी त्या घरात काहीतरी सुधारलं होतं, आणि ते मोजायला ‘हो’ किंवा ‘नाही’ पुरेसं नव्हतं.

क्योतोहून तासाभराच्या अंतरावर, नारा प्रांतातल्या यामातो-कोरियामा इथे, योशिमोतो इशिन यांनी १९५० च्या दशकात ‘नाइकान’ नावाची पद्धत रुजवली. आठवडाभर एका पडद्यामागे बसून आयुष्यातल्या एकेका माणसाबद्दल तीन गोष्टी आठवायच्या: त्यानं मला काय दिलं, मी त्याला काय परत दिलं, आणि मी त्याला काय त्रास दिला. ही पद्धत आधी तुरुंगांत गेली, पुढे दारूच्या उपचारांतही आली. लक्षात घ्या, या तीन प्रश्नांत दारूचा शब्दही नाही. आहेत ती फक्त नाती.

आता १९८० चं दशक. जपानमध्ये उत्तेजकांची दुसरी लाट आली होती, आणि १९८४ च्या सुमारास ती शिगेला पोचली. त्याच काळात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ नावाची तपकिरी पूड शिरली होती. भारतानं १९८५ साली अमली पदार्थविरोधी कडक कायदा केला. कायदे दोन्ही देशांत होते. पण दोन्हीकडे, एका वर्षाच्या अंतरानं, कायद्याबाहेरच्या माणसांनी एक घर उघडलं.

तोक्योत १९८५ साली कोन्दो त्सुनेओ यांनी ‘दार्क’ सुरू केलं. हे गृहस्थ स्वतः उत्तेजकांचे व्यसनी, १९८० मध्ये अटक झालेले. एका अमेरिकन कॅथलिक पाद्रीच्या मदतीनं ते सावरले आणि एका जुन्या घरात आपल्यासारख्यांना राहायला बोलवलं. डॉक्टर नाहीत, पहारेकरी नाहीत. चालवणारेही तेच, जे त्यातून गेले आहेत. दिवसातून दोन-तीन बैठका, एकत्र स्वयंपाक, साफसफाई, झोप. बस्स! आज देशभर अशा साठेक संस्था आहेत. क्योतोतलं दार्क २००३ साली सुरू झालं, आणि ते आहे याच फुशिमी भागात. साकेच्या गावातच दुसऱ्या व्यसनातून बाहेर येणाऱ्यांचं घर. दार्कमधल्या माणसांच्या बोलण्यात एक शब्द फार येतो, ‘इबाशो’. शब्दशः अर्थ ‘असण्याची जागा’. जिथे मी कोण, काय करून आलो, याचा हिशेब न देता मला नुसतं असता येतं, ती जागा. सुधाकरला हीच मिळाली नव्हती.

पुण्याची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी आपल्या मुलांसाठी पुन्हा सांगते. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर वर्तमानपत्रात लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, आणि व्यसनमुक्तीच्या कामासाठी त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपयांची देणगी दिली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुलंच्या हस्ते ‘मुक्तांगण’ सुरू झालं. पंचेचाळीस-पन्नास वर्षं महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाला हे काम आपलं वाटलं, यात मला नवल वाटत नाही. आनंदानं जगता येणं हाच तर त्यांचा आयुष्यभराचा विषय होता.

मुक्तांगणात माणूस पस्तीस दिवस राहतो. तिथे त्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात, ‘बेवडा’ नाही. झाडलोट, व्यायाम, गटचर्चा, गाणी. बरे झालेले कितीतरी जण पुढे तिथेच समुपदेशक झाले. बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे, कारण नवऱ्याच्या व्यसनात बायकोचं जगणंही आजारी पडलेलं असतं. घरी गेल्यावर गावोगावच्या पाठपुरावा बैठका असतात. व्यसन सोडल्याचा वाढदिवसही साजरा होतो. अनिताताई १९९७ साली कर्करोगानं गेल्या. पुढे त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम सांभाळलं. अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले, आणि फेब्रुवारीत तोक्योत कोन्दो गेले. दोघांची कधी भेट झाल्याचं माझ्या वाचनात नाही, भाषा वेगळ्या, धर्म वेगळे. पण दोघांच्या घरांत शिरताना विचारला जाणारा प्रश्न सारखाच: ये, बस, जेवलास का?

दार्क आणि मुक्तांगण जे हातानं करत होते, त्याला शास्त्राचं माप मिळालं ते १९९० च्या दशकात. जागतिक आरोग्य संघटनेनं जगातली पंधरा केंद्रं घेऊन जगण्याचा दर्जा मोजणारी प्रश्नावली तयार करायला घेतली. त्यांत तोक्यो होतं, नवी दिल्ली आणि मद्रासही होती. माणूस आपल्या समाजात, आपल्या मूल्यांत राहून स्वतःच्या आयुष्याकडे कसा बघतो, हे त्यालाच विचारायचं, हा त्यामागचा विचार. डॉक्टरनं ठरवायचं नाही, बायकोनं किंवा पोलिसानंही नाही. तिच्या छोट्या आवृत्तीत २६ प्रश्न आहेत आणि चार भाग: शरीर, मन, माणसांशी नाती, आणि आजूबाजूची परिस्थिती. या शेवटच्या भागात घर, पैसा, सुरक्षितता, जाण्या-येण्याची सोय, फुरसत असं सगळं येतं. झोप कशी लागते, आयुष्याला अर्थ आहे असं वाटतं का, मित्रांची साथ मिळते का, असे साधे प्रश्न. आपल्या आजीनं विचारले असते तसेच!

व्यसनाचा आजार असलेल्यांना हे प्रश्न विचारले, तेव्हा अनेक देशांत चित्र मिळतंजुळतं आलं. त्यांचे गुण सर्वसाधारण लोकांपेक्षा बरेच खाली असतात. जोडीला नैराश्य असलं की आणखी खाली. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत ते वर येतात. पण एक गोष्ट महत्त्वाची: सोडल्याचे दिवस आणि जगण्याचा दर्जा नेहमी एका चालीनं चालत नाहीत. दोन वर्षं थेंबही न घेतलेला माणूस एकटेपणानं कोमेजलेला असू शकतो. आणि मधे घसरलेला माणूस, जर त्याला घर, काम आणि चार माणसं असतील, तर पुन्हा उभा राहू शकतो. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या निदानग्रंथात ‘गैरवापर’ आणि ‘अवलंबन’ हे जुने कप्पे मोडून सौम्य ते तीव्र अशी एकच पट्टी केली, तीही याच दिशेनं जाणारी गोष्ट. माणूस ‘व्यसनी’ किंवा ‘निर्व्यसनी’ नसतो, मधल्या कुठल्यातरी पायरीवर असतो.

सरकारी पातळीवर मात्र जपानचा स्वर बराच काळ कडकच राहिला. ‘नाही म्हणजे नाही’ अशा अर्थाची पोस्टर्स शाळांत, स्टेशनांवर आजही दिसतात. लहान मुलांना सावध करायला ती ठीक आहेत. पण जो आधीच अडकलाय त्याला ती काय सांगतात? की तू संपलास. त्यामुळे दार्कची नवी घरं उघडताना ठिकठिकाणी शेजाऱ्यांचा विरोध होतो. तरी बदल होतोय. २००६ पासून रुग्णालयांत गटानं शिकण्या-बोलण्याचे उपचार आले, आणि २०१६ साली त्यांना आरोग्यविम्याची मान्यता मिळाली. त्याच वर्षी, शिक्षेचा काही भाग तुरुंगाबाहेर देखरेखीखाली काढता येईल असा कायदाही लागू झाला.

आता भुयारी रेल्वेच्या उत्तर टोकाला, इवाकुराला. इथे दाइउन-जी नावाचं जुनं देऊळ. अशी आख्यायिका आहे, की अकराव्या शतकात सम्राट गो-सान्जो यांच्या मुलीचं मन बिघडलं, आणि या देवळातल्या विहिरीचं पाणी पिऊन ती बरी झाली. तेव्हापासून मनोरुग्णांना घेऊन लोक इथे येऊ लागले, आणि गावातल्या शेतकऱ्यांच्या घरांत, चहाघरांत ते महिनोन् महिने राहू लागले. शेतात हात लावायचे, गावकऱ्यांच्या पंगतीला जेवायचे. सरकारचा कल पुढे कुलूपबंद इस्पितळांकडे गेला. १८७५ साली नान्झेन-जी देवळाच्या आवारात देशातलं पहिलं सार्वजनिक मनोरुग्णालय याच शहरात निघालं, पण १८८२ मध्ये बंद पडलं. इवाकुरातली घरं मात्र विसाव्या शतकातही माणसं ठेवून घेत होती. ती व्यसनी माणसांसाठी नव्हती, आणि सगळं तिथे गोड होतं असंही नाही. पण आजारी माणसाला गावात जागा देता येते, हे त्या गावानं शेकडो वर्षं करून दाखवलं.

आणि त्याच इवाकुरात, तळ्याकाठच्या आंतरराष्ट्रीय परिषद भवनात, मार्च २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांची गुन्हे प्रतिबंधाविषयीची चौदावी परिषद भरली. कोरोनामुळे एक वर्ष पुढे ढकललेली. तिथे मंजूर झालेल्या ‘क्योतो जाहीरनाम्या’त शिक्षा भोगलेल्यांच्या पुनर्वसनावर आणि त्यांना समाजात परत सामावून घेण्यावर भर आहे. जगातल्या सरकारांनी जे कागदावर लिहिलं, ते जुन्या इवाकुरातल्या एखाद्या शेतकरणीला नवीन वाटलं नसतं.

आता आपल्याबद्दल. परदेशात आपलं घर छोटं असतं. मामा-काका नाहीत, शेजारी भाषेपलीकडचे, आणि नवऱ्याची नोकरी म्हणजेच सगळ्यांचा व्हिसा. त्यामुळे झाकली मूठ सव्वा लाखाची, हा आपला मंत्र. त्या झाकलेल्या मुठीत एखादं माणूस गुदमरत असतं, आणि बहुतेक वेळा त्याची बायको आणि मुलंही. व्यसन पुरुषांचंच असतं असंही नाही. बाईचं असलं तर मूठ आणखी घट्ट. म्हणून इथल्या घरांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. जपानमध्ये प्रत्येक प्रीफेक्चरमध्ये सरकारी मानसिक आरोग्य केंद्र आहे, तिथे रुग्ण आला नाही तरी घरचे एकटे जाऊन सल्ला घेऊ शकतात. दान्शुकाइत घरच्यांचं स्वागत असतं. कान्साईत इंग्रजीतूनही एएच्या बैठका होतात. आणि रोज भरपूर पिणाऱ्याला एकाएकी बंद करायला लावू नका. झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर.

बाकीचं आपल्या मंडळाच्या हातात आहे. संमेलनात ‘नको’ म्हणणाऱ्याला आपण भजी-जिलबीसारखा ग्लासाचाही आग्रह करतो. तो आग्रह थांबवता येईल. सहा महिन्यांनी परत दिसलेल्या माणसाला कोपऱ्यात घेऊन ‘सुटली का?’ विचारण्यापेक्षा सतरंज्या घालायला, माइक लावायला, नाटकाच्या तालमीला बोलवता येईल. त्याच्या बायकोला ‘तू कशी आहेस?’ असं विचारता येईल, कारण तिला ते बहुधा कोणी विचारलेलं नसतं. त्या २६ प्रश्नांतले निम्मेअधिक आपण मराठी माणसं एरवी सहज विचारतोच. जेवलास का, झोप झाली का, काम कसं चाललंय, येतोस का संध्याकाळी? ज्याला ते सर्वांत जास्त हवे असतात, नेमकं त्यालाच विचारताना आपली जीभ अडखळते.

या दिवाळीत आपल्या यादीतलं एक नाव असं असेल, ज्याला दोन वर्षांत कोणी बोलावलेलं नाही. त्याला फोन करा. दारूचं काही विचारू नका, फराळाला बोलवा.

सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!